कोळिकोडचा अहवाल वाचताना

अमरावतीजवळच्या बेलोऱ्याहून एप्रिल २०२५ मध्ये प्रवासी विमानसेवा सुरू झाली. अकोल्याला शिवणीची धावपट्टी वाढवून हवी आहे, ही मागणी तर जुनीच. त्यामुळे वऱ्हाडात विमानाचा विषय निघाला की बोलणे धावपट्टीच्या लांबीवर येते. लांबी म्हणजेच सुरक्षितता असे ज्यांना वाटते, त्यांनी कोळिकोड अपघाताचा चौकशी अहवाल वाचावा असे आम्ही सुचवतो.

७ ऑगस्ट २०२० रोजी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे बोइंग ७३७ पावसात उतरताना धावपट्टी ओलांडून खाली कोसळले. १९० पैकी २१ जण गेले. नागपूरचे कॅप्टन दीपक साठे आणि त्यांचे सहवैमानिकही त्यांत होते. अहवाल सप्टेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला.

धावपट्टी सुमारे २७०० मीटर, म्हणजे बेलोऱ्यापेक्षा बरीच लांब. पण चाके टेकली सुमारे १३५० मीटरवर. निम्मी धावपट्टी हवेतच संपली. वारा मागून, १४ नॉट. जमिनीसापेक्ष वेग १६५ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ३०५ किलोमीटर. वारा नसता तर तो १५१ नॉट असता. या दोन वेगांच्या वर्गांचे गुणोत्तर मुलांना काढायला सांगा. सुमारे १.२ येईल. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, तेव्हा ब्रेकना पाचव्या हिश्शाने अधिक ऊर्जा जिरवायची होती.

घटनाक्रमाची अशी बारीक मांडणी हे अहवालाचे मोठे बळ. आमचा आक्षेप निष्कर्षाला आहे. कॅप्टनने नियम मोडून विमान उतरवले आणि सहवैमानिकाने ताबा घेतला नाही, हे संभाव्य कारण; व्यवस्थेतले दोष मात्र केवळ ‘साहाय्यक घटक’. पण आतल्या पानांत काय आहे? पहिल्या प्रयत्नात कॅप्टनच्या बाजूचा वायपर थोडा वेळ चालून बंद पडला; दुसऱ्या वेळी तो मंद चालत असावा. त्या तळावर कॅप्टन अपुरे होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळचे उड्डाण साठ्यांकडेच होते. सहवैमानिकाने आधी क्षीण आवाजात लक्ष वेधले, मग चाके टेकता टेकता ‘गो अराउंड’ म्हटले. दोघांच्या अधिकारातली दरी अहवालानेच नोंदवली आहे.

फळ्यावर सरांचे गणित चुकलेले दिसूनही वर्गात किती हात वर होतात, हे आपल्याला ठाऊक आहे. अशा संस्कारात वाढलेल्या तरुणाने काही सेकंदांत ज्येष्ठाच्या हातून विमान काढून घ्यावे, ही अपेक्षा नियमाला धरून आहे. त्यासाठीचा सराव कंपनीने किती आणि कसा करून घेतला, हा प्रश्न संभाव्य कारणाच्या परिच्छेदातच यायला हवा होता.