गुंडाळीतले विज्ञान

तुमसर तालुक्यातील सिहोरा येथे काही शिक्षकमित्रांशी बोलत बसलो होतो. प्रकाशतंतूच्या जायरोस्कोपवरील एक लेख वाचून आलेल्या एका सरांनी फळ्यावर वर्तुळ काढले आणि त्यात उलटसुलट दिशांनी जाणारे दोन बाण दाखवले. वर्तुळ फिरले की एका किरणाला किंचित जास्त अंतर कापावे लागते, दुसऱ्याला किंचित कमी. दोन्ही किरण एकत्र आले की त्यांच्यात कलांतर दिसते आणि त्यावरून फिरण्याचा वेग कळतो. 'यात हलणारा भागच नाही, त्यामुळे चुकीला वाव नाही,' असा त्या लेखाचा समारोप होता.

आकृती बरोबर आहे. सान्याक या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१३ मध्ये हा परिणाम प्रयोगाने दाखवला. १९७६ मध्ये अमेरिकेत वाली आणि शॉर्टहिल यांनी त्यासाठी तंतूचे वेटोळे वापरले. आपल्याकडे हैदराबादच्या 'रिसर्च सेंटर इमारत' या संस्थेत अशा जायरोस्कोपवर काम झाले आहे. माझा आक्षेप समारोपाला आहे. असे लेख तत्त्व सांगतात, उपयोग सांगतात. पण उपकरण बनते कसे, हे गाळतात. खरी कसोटी नेमकी तिथे लागते.

थोडे गणित करू. १ किलोमीटर लांबीचा तंतू १० सेंटिमीटर व्यासाच्या रिळावर गुंडाळला, तर सुमारे ३,२०० वेढे होतात. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. तेवढ्या फिरण्याने दोन किरणांच्या मार्गांत पडणारा फरक एका अणूच्या व्यासाच्या साधारण चौथ्या हिश्श्याइतका असतो! इतके सूक्ष्म मोजायचे, तर जरासे ऊनसुद्धा घात करते.

समजा, तंतूच्या एका टोकाजवळचा भाग तापतो आहे. एक किरण तिथून आधी जातो, दुसरा सुमारे ५ मायक्रोसेकंदांनी. तेवढ्या वेळात काचेचा अपवर्तनांक बदललेला असतो. उपकरण जागचे हललेले नसते, तरी ते 'फिरलो' असे सांगते. श्यूप यांनी १९८० मध्ये ही चूक दाखवून दिली. तंतूच्या बरोबर मध्यावर मात्र दोन्ही किरण एकाच क्षणी पोहोचतात. तिथे ही चूक होत नाही.

उपाय यातूनच निघाला. तंतू मध्यापासून दोन रिळांवर विभागायचा आणि गुंडाळी मध्यापासून सुरू करायची: एक थर डाव्या अर्ध्याचा, दोन उजव्याचे, पुन्हा एक डाव्याचा. मध्यापासून सारख्या अंतरावरचे भाग असे शेजारी येतात, बरोबरच तापतात, आणि त्यांच्या चुका एकमेकींना बऱ्याच अंशी छेदतात. मात्र ताण एकसारखा हवा. वेढा वेढ्यावर चढला, तर तंतू दाबला जातो आणि प्रकाशाचे ध्रुवण बिघडते. शेवटी सगळे वेढे चिकटद्रव्याने पक्के करायचे, पण तेही तापून तंतूला ओढणार नाही असे निवडायचे.

हे ऐकून एक शिक्षक म्हणाले, 'म्हणजे आमच्या मोटर रिवाइंडिंगसारखेच की!' अगदी तसेच. धानाच्या शेतीचा पंप जळला की गावातला कारागीर वेढे मोजतो, तारेचा ताण राखतो, शेवटी वॉर्निश देतो. त्याचा मुलगा आपल्याच वर्गात बसतो. विज्ञान सूत्राशी संपते असे आपण शिकवले, तर वडिलांच्या हातातले विज्ञान त्याला कधी दिसणारच नाही. अशा लेखांमुळे होणारे मोठे नुकसान हे आहे.

करून पाहा: तांबडी आणि निळी सुतळी गाठीने जोडा, गाठ मध्य समजा आणि डब्यावर एक तांबडा, दोन निळे, एक तांबडा असे थर द्या. मग विचारा: डब्याला एका बाजूने ऊन लागले, तर कोणकोणते भाग बरोबर तापतील? उत्तर मुलांनाच शोधू द्या.