'बायकांना निसर्गाची ओढ असतेच' हे गृहीतक प्रश्नावलीत कसं शिरतं?

रिसर्च प्रपोजल लिहिताना सगळ्यात सोपं वाक्य कोणतं? 'स्त्रिया पर्यावरणाबाबत पुरुषांपेक्षा अधिक संवेदनशील असतात.' मीही लिहिलं होतं. पुढे वंदना शिवा यांच्या 'स्टेइंग अलाइव्ह'चा (१९८८) हवाला दिला आणि काम झालं असं वाटलं. गाईडनी समासात एकच प्रश्न लिहिला: "कोणत्या स्त्रिया?"

त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना बीना अग्रवाल यांचा १९९२चा लेख वाचला. शिवांचं पुस्तक ताकदीचं आहे, पण त्यातली उदाहरणं मुख्यतः वायव्य भारतातल्या ग्रामीण बायकांची, आणि निष्कर्ष मात्र तिसऱ्या जगातल्या सगळ्या स्त्रियांबद्दल. अग्रवाल नेमकं इथेच अडवतात. वर्ग, जात, जमीन कुणाच्या नावावर, सरपण कोण आणतं, हे सगळं गाळून 'स्त्री' नावाची एकच पेटी करता येत नाही.

त्यांचं डोंगरी-पैंतोलीचं उदाहरण बघा. उत्तराखंडमधलं गाव, चिपकोचाच परिसर. बटाटा बियाण्याच्या फार्मसाठी ओकचं जंगल तोडायला गावातल्या पुरुषांचा पाठिंबा होता. बायकांनी विरोध केला, कारण सरपणासाठीची पायपीट पाच किलोमीटरने वाढणार होती आणि फार्मचा पैसा त्यांच्या किंवा मुलांच्या हातात येईलच याची खात्री नव्हती. जंगल वाचलं. म्हणजे गाव एकच, जंगलही तेच. घरातल्या कामाची वाटणी वेगळी म्हणून मतं वेगळी. यात 'जन्मजात ओढ' कुठे आली?

आता माझी तक्रार अग्रवालांच्या मांडणीबद्दल. दृष्टिकोन कामातून घडतो हे मान्य, पण उद्या त्याच घरात गॅस आला तर? काळजी संपते, की सवय आणि आठवण म्हणून उरते? त्या लेखाच्या चौकटीत याला पुरेसं उत्तर मला सापडलं नाही. (त्यांचं २०१०चं 'जेंडर अँड ग्रीन गव्हर्नन्स' गुजरात आणि नेपाळमधल्या वन समित्यांकडे वळतं, म्हणजे प्रश्न 'बायकांना काय वाटतं' यावरून 'निर्णयाच्या जागी किती बायका आहेत' इकडे सरकतो. तेही महत्त्वाचंच, पण माझा प्रश्न तसाच राहतो.)

तुम्ही सर्व्हे करणार असाल तर लिंगाच्या रकान्यावर थांबू नका. पाणी कोण भरतं, सरपण कोण आणतं, सातबाऱ्यावर नाव कुणाचं, तेही विचारा. मी माझी प्रश्नावली यासाठी नव्याने केली. आठ प्रश्न वाढले आणि मूळचं ते सोपं वाक्य प्रपोजलमधून काढावं लागलं.