गळा त्यांचा, यंत्र कुणाचं?

आफ्रिकन बाईचा आवाज हल्ली कापडासारखा मीटरवर मिळतो. सॅम्पल पॅक नावाच्या गठ्ठ्यात चार-पाच सेकंदांचे तुकडे असतात. प्रत्येक तुकड्यावर पट्टी लिहिलेली असते, लय लिहिलेली असते. गाणारीचं नाव, गाव, भाषा यांचा पत्ता नसतो. बर्लिनमधला, तुलूममधला किंवा आपल्या मोरजीमधला कुणी निर्माता त्यातला एक तुकडा उचलतो, त्याला भरपूर घुमारा देतो, खाली मिनिटाला १२०-१२२ ठोक्यांचा किक बसवतो आणि तयार मालावर ‘ॲफ्रो हाउस’ अशी चिठ्ठी लावतो. गेले काही हंगाम हणजूण-वागातोरच्या पट्ट्यात आणि मुंबईत लोअर परळला रात्र-रात्र हेच ऐकू येतं. ध्वनी चकाचक असतो, ठेक्यात खोट काढायला जागा नसते. मधूनच ती बाई दोन अक्षरं उच्चारते आणि विरून जाते. काय म्हणाली हे नाचणाऱ्यांना ठाऊक नसतं, वाजवणाऱ्यालाही नसतं, आणि ते विचारणं त्या वातावरणात अरसिकपणाचं समजलं जातं. मी तो अरसिकपणा करणार आहे.

या धंद्याची वंशावळ जुनी आहे. १९९२ साली ‘डीप फॉरेस्ट’ या फ्रेंच जोडगोळीचं ‘स्वीट ललबाय’ आलं. मध्य आफ्रिकेतल्या पिग्मी जमातींचं नाव आणि पर्जन्यवनाचं धुकं यांच्या जोरावर ते गाणं असलेला अल्बम लाखोंनी खपला. त्यातली ती अंगाई पिग्मींची नव्हतीच, आफ्रिकेतलीही नव्हती. पॅसिफिकमधल्या सॉलोमन बेटांपैकी मलाइता बेटावर अफुनाक्वा नावाच्या बाईने ती बाएगू भाषेत गायली होती आणि ह्यूगो झेम्प या संशोधकाने १९७०च्या सुमारास ती मुद्रित केली होती. पुढे १९९६ मध्ये यान गार्बारेक यांच्यासारख्या मातब्बर सॅक्सोफोनवादकाने तीच चाल ‘पिग्मी ललबाय’ म्हणून वाजवली! संगीताभ्यासक स्टीव्हन फेल्ड यांनी हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवलं आहे, ते इथे उगाळत नाही. पण अर्धी पृथ्वी ओलांडून एक बाई भलत्याच जंगलात नेऊन बसवली आणि लाखो खरेदीदारांपैकी कुणालाही खटकलं नाही, याचं कारण उघड आहे. आवाजातली भाषा काढून घेतली की तो आवाज कुठलाही म्हणून खपतो.

या सगळ्यामागे कामाची एक वाटणी गृहीत धरलेली आहे: गळा आफ्रिकेचा, यंत्र युरोपचं. तिकडून कच्चा माल यायचा, इकडे त्याचं संस्करण व्हायचं. ही वाटणी पहिल्यापासून खोटी आहे. नायजेरियात एनुगूला विल्यम ओन्येबोर नावाचा गृहस्थ १९७७ ते १९८५ या काळात स्वतःच्या स्टुडिओत सिंथेसायझरच्या राशीत बसून एकामागून एक तबकड्या काढत होता, स्वतःच छापतही होता. बाकीच्या जगाला त्याचा शोध लागला २०१३ मध्ये, एका अमेरिकी कंपनीने संकलन काढल्यावर. तोवर तो धर्माकडे वळून संगीताबद्दल बोलायचंच थांबला होता. किन्शासाच्या कोनोनो नं. १ मंडळींनी मोटारींच्या भंगारातल्या चुंबकांपासून मायक्रोफोन बनवून लिकेम्बे या अंगठ्यांनी छेडायच्या वाद्याला वीज दिली. त्यातून जी फाटकी, करकरीत घरघर निघाली ती २००४ मध्ये ‘काँगोट्रॉनिक्स’ या अल्बममधून युरोपात पोचली, तेव्हा तिथल्या प्रयोगवाद्यांना ती आपलीच वाटली. सोवेटोचा नोझिंजा मोबाइल दुरुस्तीच्या धंद्यातून आला आणि त्याने शांगान नाचगाण्याला असा काही वेग दिला की युरोपातल्या टेक्नोला धाप लागावी. दार-एस-सलामच्या सिंगेलीत तर लय मिनिटाला दोनशेच्या पुढे जाते आणि त्यावर पोरं स्वाहिलीत बोलत सुटतात.

बाकीच्यांचा हिशोब लवकर चुकता करतो. ॲफ्रो केल्ट साउंड सिस्टिम महोत्सवी सलोख्याच्या पलीकडे कधी गेलं नाही. ‘ग्रेसलँड’वर सांडायची तेवढी शाई सांडून झाली. लागोसचं ॲफ्रोबीट्स आता अमेरिकी आर अँड बीचा देखणा चुलतभाऊ झालं आहे. ‘लायन किंग’च्या निमित्ताने बियॉन्सेने जमवलेला २०१९चा अल्बम ही सदिच्छा भेट होती, त्यातलं ‘माय पॉवर’ तेवढं ठेवावं, तेही डीजे लॅग, बुसिस्वा आणि मूनचाइल्ड सॅनेली यांच्यासाठी. काइनेमुझिकचं ‘मूव्ह’ ऐकायला गोड आहे. ब्लॅक कॉफी हा मोठा माणूस, पण २०२२ मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं ते त्याच्या सगळ्यात फिक्या अल्बमला, हेही या काळाला साजेसंच.

मला बोलायचं आहे ते दक्षिण आफ्रिकेबद्दल, कारण गेल्या पंधरा वर्षांत गळा आणि यंत्र यांचा प्रश्न तिथे ज्या धीटपणे सोडवला गेला तसा कुठेच नाही. डर्बनच्या वस्त्यांमध्ये २०१०च्या आसपास ग्कॉम नावाचं नाचाचं संगीत जन्मलं. विशीच्या आतली पोरं, घरचा साधा संगणक, एफएल स्टुडिओची बहुधा चोरीची प्रत. त्यांनी हाउसचा सरळ चार ठोक्यांचा किक मोडून टाकला. ठोके आडवेतिडवे पडतात, मध्ये अंधाऱ्या भोकांसारख्या जागा सुटतात, वर व्हायोलिनसारखा एकच भयसूचक सूर ताणलेला. या फाइली व्हॉट्सॲपवरून फिरल्या आणि गाणं चालणार की पडणार याचा निकाल लागला तो प्रवासी मिनीबस टॅक्सींमध्ये. त्या सुटलेल्या जागांमध्ये बुसिस्वा शिरते. उम्ताताहून आलेली ही बाई मुळात कवितावाचन करणारी. २०१२ मध्ये डीजे झिंलेच्या ‘माय नेम इज’मध्ये ती ऐकू आली तेव्हापासून तिचा उच्चार हाच एक ठेका आहे. खोसा भाषेतली टाळू-जिभेची टिचकीदार व्यंजनं किकच्या बरोबर अलीकडे किंवा पलीकडे पडतात. ती व्यंजनं काढून नुसते आ-ई-ऊ ठेवा, गाणं कोसळेल. सॅम्पल पॅकवाल्याला इथे कापायला काही मिळत नाही, कारण बोल हेच बांधकाम आहे.

आमापियानो ग्कॉमच्या उलट स्वभावाचं. ग्वाटेंग प्रांतातल्या वस्त्यांमध्ये ते वाढलं; प्रिटोरियाचं की जोहान्सबर्गचं, यावर अजून तिथे हमरीतुमरी होते. क्वाइटो, डीप हाउस आणि जॅझचा पियानो यांतून ते आलं. लय उतरलेली, मिनिटाला एकशे दहा-बाराच्या घरात. गाण्याला सुरू व्हायची अजिबात घाई नसते. शेकर खुळखुळत राहतो, पियानोचे सूर लांबून येतात, आणि ऐकणाऱ्याचा धीर सुटायला लागला की खालून लॉग ड्रम येतो. नाव ड्रम असलं तरी धड ड्रम नाही, धड बासही नाही. सॉफ्टवेअरमधल्या एका तयार आवाजाला या पोरांनी असं काही पिळलं की तो सूर घसरत, उसळत, ठोसे देत चालतो. बहुतेकदा नेहमीचा किक गायबच असतो. लॉग ड्रमच लय धरतो आणि तोच गाणाऱ्याशी वादही घालतो. काब्झा द स्मॉल आणि डीजे माफोरिसा यांच्या ‘असिबे हॅपी’मध्ये आमी फाकू कशी गाते ते ऐका. आवाजावर दागदागिने नाहीत, जोर नाही. ती एक पूर्ण वाक्य म्हणते, थांबते, पुन्हा म्हणते. यंत्र तिच्या भोवती जागा ठेवून चालतं, कारण यंत्र चालवणाऱ्याला ती काय म्हणते आहे हे कळतं. टायलाच्या ‘वॉटर’मध्ये या लॉग ड्रमचं पाणी घातलेलं रूप आहे. सर्वोत्तम आफ्रिकन सादरीकरण असा नवा खण करून ग्रॅमीवाल्यांनी २०२४ मध्ये पहिला मान त्याला दिला, हा त्यांचा प्रश्न.

परक्यांनी आफ्रिकन आवाजाला हातच लावू नये, असं मी म्हणत नाही. २००८ मधलं अमादू आणि मरियम यांचं ‘सबाली’ ब्रिटिश संगीतकार डेमन अल्बार्नने घडवलं. अमादूची गिटार जवळपास बाजूला ठेवून नुसता विरळ सिंथ आणि मरियमचा गळा. काही ठिकाणी तो गळा यंत्रातून विरघळवलाही आहे. पण गाणं तिचं आहे, बोल बाम्बारात आणि फ्रेंचमध्ये शाबूत आहेत आणि तबकडीवर नाव तिचं आहे. सलीफ केइताच्या ‘सोरो’ची गोष्ट त्याहून बोलकी. १९८७ मध्ये पॅरिसमध्ये झालेल्या या अल्बमचे कीबोर्ड आणि संयोजन फ्रेंच वादकांचं, पण निर्माता होता इब्राहिमा सिला, सेनेगलचा. सिंथेसायझर चढले म्हणून तेव्हा काही गोऱ्या शुद्धतावाद्यांनी नाक मुरडलं. त्यांना केइता झाडाखाली बसलेला हवा होता. पैसे आफ्रिकन माणसाचे, शेवटचा शब्द त्याचा, आणि नोकरीवर युरोपियन. ही मांडणी त्यांच्या कल्पनेत बसत नव्हती. आजच्या ‘ऑरगॅनिक’वाल्यांच्याही बसत नाही.

यावर एक उत्तर ठरलेलं आहे: संगीताला भाषा नसते. हे वाक्य सहसा तोच म्हणतो ज्याची भाषा सगळीकडे समजली जाते. आपल्याकडचा जाणकार श्रोता मात्र इथे मला चांगला पेचात पकडू शकतो. ख्यालात तरी शब्द कुठे कळतात? तराण्यात तर अर्थच नाही. किशोरीताई भूप मांडायच्या तेव्हा बंदिशीचे शब्द पाहता पाहता स्वरात विरायचे, ते आपण डोक्यावर घेतलं की नाही? घेतलं. पण शब्द कधी सोडायचा, कुठल्या अक्षराला धरून ठेवायचं, हे ठरवणारी गाणारी होती. शब्द तिच्याकडे होते म्हणून तिने ते विरघळवले. इथे दुसराच कुणीतरी लॅपटॉपवर ते छाटतो आहे, आणि तेही अशा परंपरेतले की जिथे शब्द हाच पेशा. पश्चिम आफ्रिकेतल्या जेली घराण्यांचं कामच वंशावळी, पराक्रम, उपकार बोलून दाखवण्याचं. त्यांचा बोल काढून नुसता गळा ठेवणं ही श्रोत्यांचीही फसवणूक आहे.

दक्षिण आफ्रिकेतही सगळं आलबेल नाही, हे सांगायला हवं. मास्टर केजीच्या ‘जेरुसलेमा’वर २०२० मध्ये टाळेबंदीतलं अर्धं जग नाचलं. झुलू भाषेतली ती प्रार्थना गाणाऱ्या नोमसेबो झिकोदेला पुढच्या वर्षी जाहीरपणे सांगावं लागलं की आपल्याला पैसेच मिळालेले नाहीत. गळ्याला दुय्यम लेखण्याची सवय गोऱ्यांचीच असते असं नाही.

आणि आपली तर मुळीच वेगळी नाही. गिनीच्या मोरी कान्तेच्या ‘ये के ये के’ने १९८८ मध्ये युरोप डोक्यावर घेतला होता. कोरा वाजवणारा हा जेली, यंत्रांना अजिबात न बिचकणारा. त्याचा ‘अक्वाबा बीच’ हा अल्बम आपल्या सिनेमाने दोनदा लुटला: १९९०च्या ‘थानेदार’मध्ये बप्पी लाहिरींनी आणि १९९१च्या ‘हम’मध्ये लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनी. कान्तेचं नाव कुठे आलं? याच बप्पीदांच्या १९८१च्या ‘ज्योती’तला लतादीदींचा आवाज २००२ मध्ये ट्रुथ हर्ट्स या गायिकेच्या ‘ॲडिक्टिव्ह’मध्ये अमेरिकी निर्मात्याने जसाच्या तसा चालवला, तेव्हा मात्र आपण खवळलो. प्रकरण लॉस एंजेलिसच्या कोर्टात गेलं आणि बप्पीदांचं नाव घालेपर्यंत विक्री थांबवण्याचा आदेश निघाला. योग्यच झालं. मराठी घराघरात ज्या गळ्याचा प्रत्येक श्वास ओळखीचा, तो परक्यांच्या रेकॉर्डवर निनावी मसाला म्हणून ऐकताना जे टोचलं, तेच बामाकोत आणि डर्बनमध्ये टोचतं. फरक एवढाच की त्यांच्या पाठीशी कोर्टात उभं राहणारी सिनेसृष्टी नसते.

तेव्हा मागणी साधी आहे. गाणारीचं नाव गाण्याच्या शीर्षकात, निर्मात्याच्या नावाशेजारी यायला हवं. तिच्या भाषेचं नाव श्रेयनामावलीत हवं. सॅम्पल पॅक विकणाऱ्याने दर विक्रीमागे तिला वाटा द्यायला हवा, एकदा हातावर पैसे ठेवून विषय संपवू नये. याने नाच थांबेल ही भीती खोटी आहे, कारण आमापियानोवर लोक बोलासकट नाचतात. राहिले आपल्याकडचे आयोजक. आफ्रिकेतले कलाकार आणणं परवडत नाही, व्हिसा मिळत नाही, लोक तिकीट काढत नाहीत, अशी तीन कारणं ते देतात आणि पुढच्याच शनिवारी बर्लिनहून डीजे आणतात. त्याचं विमान, हॉटेल, मानधन सगळं परवडतं. फलकावर त्याच्या नावाआधी ‘ॲफ्रो’ लिहायलाही परवडतं.