उपासमार, जन्मवजन आणि मधली एकोणीस वर्षे

कमी वजनाचे जन्मलेले मूल शाळेत मागेच राहणार, असे शिक्षकांच्या खोलीत आणि अंगणवाडीत सहज बोलून जातात. पोटात वाढ खुंटली म्हणजे मेंदूही खुंटला, असा त्यामागचा हिशेब. उलट बाजूचे लोक एका जुन्या डच अभ्यासाचा दाखला देऊन म्हणतात, गर्भातल्या उपासमारीने बुद्धीला काहीच होत नाही. हा दाखला ज्या पुस्तकातून येतो ते 'फॅमिन अँड ह्यूमन डेव्हलपमेंट' १९७५ साली प्रसिद्ध झाले. झेना स्टाइन, मर्व्हिन सुसर, गेरहार्ट सेंगर आणि फ्रान्सिस मरोला हे त्याचे लेखक. पुस्तक उत्तम आहे; पण ते जेवढे सांगते त्यापेक्षा बरेच जास्त त्याच्या तोंडी घातले गेले आहे.

आधी प्रसंग पाहू. सप्टेंबर १९४४ मध्ये दोस्त सैन्याला मदत व्हावी म्हणून नेदरलँड्समधील रेल्वे कामगारांनी संप केला. जर्मनांनी बदला म्हणून देशाच्या पश्चिम भागात अन्न नेण्यास बंदी घातली. पुढे ती सैल झाली, तोवर कडाक्याच्या थंडीने कालवे गोठले होते. ॲम्स्टरडॅम, रॉटरडॅम, हेग अशा शहरांत माणशी शिधा दिवसाला हजार कॅलरींच्या खाली गेला. सर्वांत वाईट महिन्यांत तो ४०० ते ८०० कॅलरी होता. मे १९४५ मध्ये देश मुक्त झाला आणि काही आठवड्यांत शिधा पूर्ववत होऊ लागला. म्हणजे उपासमारीला स्पष्ट सुरुवात होती, स्पष्ट शेवट होता, शिध्याच्या नोंदी होत्या, आणि त्याच देशात दुष्काळ न पोहोचलेली शहरेही तुलनेला होती. माणसांवर असा प्रयोग कोणी करू शकत नाही, करूही नये. युद्धाने तो करून ठेवला होता.

त्या काळी या प्रश्नाला धार होती. १९६० च्या दशकात मायरन विनिक यांनी लहान वयात उपाशी ठेवलेल्या उंदरांच्या मेंदूत पेशी कमी भरतात असे दाखवले होते. जॉन डॉबिंग मेंदूच्या झपाट्याने वाढण्याच्या नाजूक काळाविषयी लिहीत होते. यावरून, गरिबांची मुले जन्मतःच कायमची अधू होतात, या निष्कर्षावर उडी मारणे सोपे होते. मग त्यांच्या शाळेवर खर्च तरी कशाला, असाही प्रश्न निघू शकत होता.

लेखकांनी सैन्यभरतीच्या नोंदी घेतल्या. १९४४ ते १९४६ या तीन वर्षांत निवडक शहरांत जन्मलेल्या सुमारे सव्वा लाख तरुणांची सुमारे १९ व्या वर्षी वैद्यकीय तपासणी आणि बुद्धिमापन झालेले होते. त्यात रेव्हनची चाचणी होती: आकृत्यांच्या मांडणीतला नियम ओळखून रिकामी जागा भरायची. निष्कर्ष असा निघाला, की गर्भावस्थेच्या शेवटच्या तिमाहीत उपासमार सोसलेल्या बाळांचे जन्मवजन सरासरी सुमारे ३०० ग्रॅमने घटले होते, तरीही १९ व्या वर्षी दुष्काळी आणि इतर शहरांतील तरुणांच्या गुणांत उपासमारीमुळे पडलेला फरक सापडला नाही. मतिमंदत्वाचे प्रमाणही वाढलेले नव्हते. फरक सापडला तो वडिलांच्या व्यवसायानुसार. अंगमेहनत करणाऱ्यांच्या मुलांचे गुण इतरांपेक्षा कमी होते, मग गर्भात उपासमार झालेली असो वा नसो.

आपल्या वर्गाच्या दृष्टीने मला या सगळ्यात हा तक्ता सर्वांत मोलाचा वाटतो. तो उद्धृत मात्र क्वचितच होतो.

आता उणिवा. पहिली लेखकांनीच मांडली आहे. दुष्काळात गर्भधारणा फार घटल्या, आणि श्रमिक कुटुंबांत त्या अधिक घटल्या. म्हणजे ऐन दुष्काळात गर्भात आलेली मुले तुलनेने बऱ्या घरांतली होती. वर्गवार तक्ते मांडून त्यांनी हा दोष बराच सावरला आहे. मुली मात्र अभ्यासात मुळीच नाहीत, कारण सैन्याची तपासणी फक्त मुलग्यांची होत असे.

दुसरी उणीव मोठी आहे. पुस्तकाच्या नावात 'विकास' आहे, पण मोजमापे दोनच टोकांची: एक जन्माच्या वेळचे, दुसरे १९ व्या वर्षीचे. मूल बोलायला कधी लागले, तिसऱ्या वर्षी किती खेळत होते, पहिलीत लक्ष किती टिकत होते, याची एकही नोंद नाही. आणि नेमक्या याच वर्षांत त्या मुलांना पोटभर अन्न, दूध, औषधे आणि शाळा मिळाली. मेंदूची झपाट्याची वाढ जन्मानंतरही दोन वर्षे चालू राहते, हे डॉबिंग यांचेच म्हणणे. म्हणून पुस्तकाचा खरा निष्कर्ष असा वाचायला हवा: आधी बऱ्यापैकी पोसलेल्या आयांची काही महिन्यांची उपासमार, आणि नंतर मुलांना चांगली वर्षे, एवढे असेल तर या चाचणीत खूण उरत नाही. पिढ्यान्‌पिढ्या अर्धपोटी राहणाऱ्या घराला तो जसाच्या तसा लागू करता येत नाही.

मधल्या वर्षांत काय घडू शकते हे जमैकातल्या किंग्स्टनमध्ये दिसले. सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी ९ ते २४ महिन्यांची, उंची खुंटलेली १२९ मुले घेतली. काहींना दोन वर्षे दुधाची पूरक भुकटी दिली, काहींच्या घरी आठवड्याला एकदा कार्यकर्ती जाऊन आईबरोबर मुलाला खेळवू लागली, काहींना दोन्ही मिळाले, काहींना यातले काहीच नाही. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार अन्नाने फायदा झाला, खेळाने झाला, आणि दोन्ही मिळालेल्या मुलांना सर्वांत जास्त झाला. खेळणी घरगुती, साध्या वस्तूंची होती. (आपल्याकडे गर्भसंस्काराच्या ध्वनिफिती विकत घेणाऱ्यांनी हे जरूर वाचावे.)

तिसरा मुद्दा जन्मवजनाचा. २४०० ग्रॅमचे एक बाळ महिनाभर आधी जन्मलेले असते, दुसरे पूर्ण दिवसांचे पण पोटात उपाशी राहिलेले, तिसरे निरोगी, फक्त लहान चणीच्या आईचे. कार्डावर तिघांचा आकडा एकच. उलट, डच दुष्काळ ज्यांच्या वाट्याला गर्भावस्थेच्या सुरुवातीला आला त्यांचे जन्मवजन जवळपास नेहमीसारखे होते. तरी १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, गर्भावस्थेच्या पूर्वार्धात दुष्काळ सोसलेल्या तरुणांत लठ्ठपणा अधिक आढळला. २०१० साली, साठीच्या जवळ आलेल्या अशा स्त्री-पुरुषांना लक्ष एकवटण्याच्या एका चाचणीत कमी गुण मिळाले. सर्वसाधारण बुद्धिमत्तेच्या चाचणीत मात्र फरक नव्हता.

हाच धागा पुण्याजवळच्या सहा खेड्यांत पुन्हा हाती येतो. के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून तिथल्या आया आणि मुलांचा माग ठेवला आहे. पूर्ण दिवसांच्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास होते. बाळाच्या आकारमानाचा संबंध आईने खाल्लेल्या एकूण कॅलरींशी फारसा दिसला नाही. तो पालेभाज्या, फळे आणि दूध यांच्याशी दिसला. त्यातल्या काही मुलांची नवव्या वर्षी चाचणी घेतली. गरोदरपणी ज्यांच्या आयांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व फार कमी होते, ती मुले लक्ष टिकवण्यात आणि ऐकलेले आकडे उलट क्रमाने सांगण्यात मागे पडली. मुलांची संख्या थोडी होती, त्यामुळे हा पुरावा नव्हे, इशारा मानावा. त्यांना रेव्हनच्या आकृत्यांची चाचणीही दिली होती, म्हणजे डच तरुणांना दिली त्याच जातीची. तीत दोन्ही गटांच्या गुणांत फरक नव्हता.