चित्राला आख्यात नसते

लघुचित्रफितींतून होणाऱ्या अपप्रचाराची चर्चा आपल्याकडे बहुधा सत्य आणि असत्य ह्या जोडीपाशीच थांबते. सत्यशोधन करणाऱ्या संस्था चित्रफितीवर ‘खोटे’ अशी मुद्रा उमटवितात. भाषेच्या अभ्यासकास हा निर्णय अपुरा वाटावा.

२०१८ साली मुले पळविणाऱ्या टोळीची म्हणून एक चित्रफीत व्हॉट्सॲपवरून भारतभर फिरली. मोटारसायकलवरील दोघे रस्त्यावरचे मूल उचलून नेतात, एवढेच तीत दिसे. वस्तुतः ती कराचीत बालसुरक्षेच्या प्रचारासाठी तयार केलेली होती. मूळ फितीत स्वार परत येतात, मूल सोडतात आणि मूल पळविण्यास क्षणही पुरतो अशा आशयाचा फलक दाखवितात. हा शेवट कोणीतरी कापला. उरलेल्या दृश्यात पदरचे काही घातलेले नव्हते. बदलला तो व्याकरणात ज्याला क्रियापदाचा ‘अर्थ’ म्हणतात तो: ‘असे होऊ शकते’ ह्याचे ‘असे झाले’ झाले. चित्राला आख्यात नसते. काळ आणि अर्थ त्याला भोवतालचे शब्द पुरवितात. ‘काल’, ‘आपल्या भागात’, ‘हे पाहा’ ही दर्शके जो उच्चारील त्याच्या गावाला ते चित्र चिकटते. त्याच वर्षी १ जुलै रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविण्याच्या अफवेपायी नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले.

भारतात जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली. आज तरुण वर्ग रील्स आणि शॉर्ट्स पाहतो. तेथे एकाचा ध्वनी दुसऱ्याच्या चित्रास जोडण्याची सोय ॲपमध्येच असते. शिवाय फीत संपताच पुन्हा सुरू होते, त्यामुळे शेवट कापला आहे हे जाणवण्यास शेवटच उरत नाही. अशा फितीला ‘खोटे’ म्हटले की विद्यार्थी विचारतो, आणि रास्तच विचारतो, की डोळ्यांना दिसले ते खोटे कसे? सत्यशोधकांच्या सविस्तर निवेदनात मूळ स्थळकाळ दिलेले असतात, हे मान्य केले पाहिजे. परंतु ते मुद्रेच्या मागे राहतात. कराचीच्या फितीपुरते बोलावयाचे तर खंडनाचा आरंभ त्या कापलेल्या फलकापासूनच व्हावयास हवा होता.

यंत्राने रचलेल्या चित्रफितींना मात्र हे विवेचन लागू पडत नाही. त्यांच्यामागे मूळ प्रसंगच नसतो. त्यांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागेल.