फुगा फुगला, पण गॅस पेटला का?

शालेय विज्ञान प्रदर्शनात हमखास भेटणारी एक प्रतिकृती आहे. प्लॅस्टिकची बाटली, तिच्यात शेण किंवा खरकटे, तोंडाला फुगा आणि मागे 'कचऱ्यातून ऊर्जा' असा रंगीत तक्ता. "हा बायोगॅस," असे विद्यार्थी फुग्याकडे बोट दाखवून सांगतात. बघणारे माना डोलावतात आणि पुढच्या टेबलाकडे वळतात. या प्रतिकृतीविषयी आमची तक्रार आहे, आणि तिची सुरुवात आम्ही स्वतःपासूनच करतो.

काही वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात आम्ही परीक्षक होतो. अशा दोन प्रतिकृती शेजारी शेजारी मांडलेल्या होत्या. पहिलीचा फुगा टम्म, तक्ता सुरेख, माहिती तोंडपाठ. दुसरीचा फुगा मरगळलेला. पण ती करणाऱ्या मुलीच्या वहीत रोजच्या नोंदी होत्या आणि त्यांत एक ओळ होती : 'वायू जमला, पेटला नाही.' आम्ही क्रमांक दिला तो पहिलीला. परतताना लक्षात आले, की त्या दोघींपैकी प्रयोग फक्त दुसरीनेच केला होता.

फुगा फुगणे हा वायू तयार झाल्याचा पुरावा आहे, मिथेन तयार झाल्याचा नव्हे. बाटलीत काय घडते ते पाहू. आधी काही जीवाणू अन्नातील पिष्ठ, प्रथिने, मेद यांचे विघटन करून आम्ले बनवतात. हे काम झपाट्याने होते आणि त्यात भरपूर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. दोन-तीन दिवसांत फुगतो तो बहुधा याच वायूने. मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव वेगळे. ते जीवाणू नव्हेत, आर्किया या स्वतंत्र गटातले आहेत. त्यांना ऑक्सिजन मुळीच चालत नाही, त्यांची वाढ संथ असते आणि सामू ६.५ च्या खाली उतरला, की त्यांचे काम मंदावते. म्हणून नुसते खरकटे भरलेली बाटली आंबते आणि तिथेच अडते. शेणात हे सूक्ष्मजीव आधीपासून असतात, तेच विरजण.

गोबरगॅस संयंत्र चालवणाऱ्यांना हे अनुभवाने ठाऊक असते. नव्या संयंत्रातला पहिला वायू ते सोडून देतात, कारण तो पेटत नाही. मग आपल्या प्रदर्शनात तोच वायू मानाने का मिरवावा?

पडताळणी अवघड नाही. वायू नळीने आणून परीक्षानळीत पाण्यावर जमवावा. नळी कॉस्टिक सोड्याच्या पातळ द्रावणात उलटी उभी धरली, की कार्बन डायऑक्साइड शोषला जातो आणि द्रावण वर चढते. चांगल्या बायोगॅसमध्ये साधारण ५५ ते ६५ टक्के मिथेन असतो. म्हणजे द्रावण नळीच्या निम्म्याच्या आतच थांबेल. उरलेला वायू निळसर ज्योतीने जळतो का, ते पाहावे. हे शिक्षकांनीच करावे, एका लहान परीक्षानळीपुरते आणि बाटलीपासून दूर. हवेत ५ ते १५ टक्के मिथेन मिसळला, की स्फोटक मिश्रण होते. फुग्याच्या तोंडाशी काडी कधीही नेऊ नये. कॉस्टिक सोडाही त्वचा भाजतो.

दुसरी तक्रार तक्त्यांबद्दल. त्यांत आकडे नसतात. एक किलो ओल्या शेणापासून सुमारे ४० लिटर बायोगॅस मिळतो. एक घनमीटर बायोगॅस स्वयंपाकाच्या सुमारे ०.४३ किलो गॅसची जागा घेतो. म्हणजे १४.२ किलोच्या एका सिलिंडरइतक्या उष्णतेसाठी ३३ घनमीटर बायोगॅस, अर्थात ८०० किलोंहून अधिक शेण लागेल. हे गणित नववीचा विद्यार्थी सहज करील आणि आपल्या गोठ्यातल्या दोन जनावरांवर चूल किती चालेल, हेही सांगू शकेल.

शेणातले पचण्याजोगे बरेचसे अन्न जनावराने आधीच वापरलेले असते. म्हणून किलोमागे पिष्ठमय खरकटे अधिक वायू देते. पुण्याच्या 'आरती' संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी याच विचाराने घरगुती संयंत्र विकसित केले. त्याला २००६ साली ॲशडेन पुरस्कार मिळाला. तरीही त्याची सुरुवात शेणकाल्यानेच करतात, हे तक्त्यावर यायला हवे.

तिसरी तक्रार : 'कचरा नाहीसा होतो' हे वाक्य. टाकीत जितका शेणकाला घालावा, जवळजवळ तितकीच स्लरी बाहेर पडते. त्यातला नायट्रोजन बहुतेक सगळा शिल्लक राहतो, म्हणूनच ती शेताला उपयोगी. आणि टाकी गळकी असेल, तर निसटणारा मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबात तितक्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सत्तावीस-अठ्ठावीस पट तापमानवाढ घडवतो. गळके संयंत्र पर्यावरणाचे रक्षण करत नाही.

बायोगॅस खरोखर उपयुक्त आहे, म्हणूनच त्याची खोटी जाहिरात आम्हाला नको आहे. जी मुले फुगा पाहून समाधान मानायला शिकतात, ती पुढे कोणत्याही चमकदार दाव्यापुढे मान डोलावतील. तेव्हा परीक्षक मित्रांनो, यापुढे या टेबलापाशी आधी वही मागू या. 'पेटला नाही' असे तिच्यात लिहिलेले असेल, तर पुढचा प्रश्न विचारू या : "का पेटला नसेल?" त्या मुलीला तो प्रश्न आम्ही विचारला नाही, याची खंत आहे.