वहीम, तोहमत आणि संशय : एक अर्थविचार

दुसऱ्याविषयी चुकीचे मत बांधणे आणि दुसऱ्याकडे शंकेने पाहणे या दोन व्यापारांसाठी मराठीत शब्दांची वाण नाही. संशय, शंका, संदेह, वहीम, विकल्प, किंतु, गैरसमज, आळ, तोहमत, बालंट अशी मोठी मालिकाच सांगता येते. परंतु कोशांत हे शब्द बहुधा एकमेकांचे पर्याय म्हणून येतात, आणि पर्याय देण्याच्या या सोयीत त्यांच्यातील मूळचा भेद झाकला जातो. तो भेद केवळ व्युत्पत्तीच्या कुतूहलाचा नाही. त्याच्याशी माणसाच्या अब्रूचा संबंध आहे.

प्रथम 'वहीम' हा शब्द घ्यावा. अरबी 'वह्म' याचा अर्थ कल्पना, भास, भ्रम असा आहे. उर्दू-हिंदीतील 'वहम' या शब्दात तो अर्थ आजही कायम आहे. मराठीत मात्र 'वहीम घेणे' किंवा 'वहिमावरून धरणे' असे म्हटले की विशिष्ट माणसाविषयीची शंका सूचित होते. आरोप या अर्थाचा 'तोहमत' हा शब्दही त्याच अरबी धातूपासून आलेला आहे. म्हणजे एकाच धातूच्या पोटी भास, शंका आणि आरोप हे तीन अर्थ नांदतात. मनातल्या भासाला माणूस सापडला की त्याचा वहीम होतो आणि वहिमाला वाचा फुटली की त्याची तोहमत होते.

पारनेरसारख्या तालुक्याच्या बोलीचा विचार करताना ही शब्दसंपत्ती स्थानिक मानण्याचा मोह होतो. १४९० साली स्थापन झालेल्या निजामशाहीची राजधानी अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथून जवळच असल्यामुळे दरबारी फारसी आणि गावकीची मराठी यांचा या भागात दीर्घकाळ संबंध आला, हे खरे. तथापि 'वहीम' किंवा 'तोहमत' हे केवळ याच भागाचे शब्द नव्हेत. १६३६ साली निजामशाही संपली, तरी फारसी शब्दांचा मराठी कारभारातील वावर संपला नाही. सान्निध्य हे शब्द रुजण्याचे एक कारण होईल, उगमाचा पुरावा होणार नाही.

संस्कृत शब्दांची घडण निराळी आहे. 'संशय' यातील 'शी' धातूचा अर्थ निजणे, पडून राहणे. 'संदेह' यातील 'दिह्' म्हणजे लिंपणे, माखणे. या दोन्ही शब्दांत दुसऱ्या माणसावर रोख मुळीच नाही. निर्णय न होणे एवढेच त्यांत आहे. दूरवर दिसते ते खांब की पुरुष, असे मन दोन्हींकडे झुलते तेव्हा न्यायशास्त्र त्यास संशय म्हणते. दोरीलाच साप समजून निश्चिंत होणे हा मात्र विपर्यय. या कसोटीवर 'गैरसमज' हा संशयाचा पर्याय ठरत नाही. संशयात निश्चयाचा अभाव असतो, गैरसमजात चुकीचा निश्चय असतो.

इंग्रजीची तुलना येथे उद्बोधक ठरते. 'सर्माइज' हा शब्द आज निव्वळ तर्क, अंदाज या अर्थी येतो. मध्ययुगीन कायद्याच्या भाषेत तो आरोपवाचक होता. अरबी धातू भासाकडून आरोपाकडे गेला, इंग्रजी शब्द आरोपाकडून तर्काकडे आला. 'जेलसी' हा शब्दही एके काळी अविश्वास, शंका या अर्थी चाले. आज त्यात मत्सर उरला आहे. 'मिस्डाउट' तर जवळजवळ लोपला. परंतु 'डाउट' आणि 'सस्पिशन' हा भेद इंग्रजीने टिकविला. पहिल्याच्या लॅटिन मुळाशी 'दोन' ही संख्या आहे, दुसऱ्याच्या मुळाशी पाहणे हा धातू आहे.

मराठीच्या न्यायव्यवहारात नेमका हाच भेद बुजला आहे. पोलीस ज्याच्यावर नजर ठेवतात तो 'संशयित', आणि गुन्हा सिद्ध न झाल्याने जो सुटतो त्यास 'संशयाचा फायदा'. पहिल्या ठिकाणी संशय म्हणजे वहीम. दुसऱ्या ठिकाणी तो न्यायाधीशाच्या मनातील, पुराव्याविषयीचा अनिर्णय. शब्द एकच असल्यामुळे निकालाची बातमी वाचणारा असा अर्थ करतो की आरोपीवरचा संशय कायम राहिला, केवळ फायदा देऊन त्यास सोडले. वहीम कितीही बळकट असला तरी तो पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, हे न्यायतत्त्व मान्य असूनही भाषा त्याच्या विरुद्ध साक्ष देते. निर्दोष सुटलेल्या माणसाला गावात पुन्हा उभे राहावयाचे असते, हे येथे विसरता येत नाही.

मागे पडलेला शब्द हुकमाने पुन्हा चलनात आणता येत नाही, हा आक्षेप रास्त आहे. तथापि अध्यापनात, भाषांतरात आणि जुन्या कागदपत्रांच्या संपादनात 'वहीम' व 'संशय' यांची सरमिसळ टाळणे अवघड नाही. निदान जुन्या लेखात 'वहीम' आढळताच त्याच्यापुढे 'संशय' एवढाच अर्थ लिहून संपादकाने थांबू नये. तो कोणाचा आणि कोणावर, हे पाहावे. 'संशय' या शब्दाला असा कर्ता व असे लक्ष्य नसले तरी चालते; 'वहीम' त्यावाचून पुरा होत नाही.